गलक्याची वही

भालेराव सर नमस्कार करत नाहीत. वास घेतात.

प्रयोगशाळेच्या दारात कुणी उभं राहिलं की ते खुर्चीतून उठतात, हातभर अंतरावर येऊन थांबतात, मान जराशी वाकडी करतात, नाकानं एक लांब श्वास ओढतात आणि निकाल देतात. मला मिळालेला पहिला निकाल असा होता : "खोबरेल. कालचं. वर कसली तरी पावडर. आत येऊ नका."

मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. पण भांडण माझ्या डोक्यावरून सुरू होईल असं वाटलं नव्हतं.

आधी माझं काम सांगते. नांदेडला आमची एक लहानशी संघटना आहे. वसतिगृह, रेशन, दवाखाना, जिथे गरिबाच्या ताटात कुणी हात घालतं तिथे आम्ही जातो आणि पत्रक काढतो. मला ज्यांनी पत्रक लिहायला शिकवलं त्यांचा नियम होता : एक पान, एक मागणी, एक आरोपी. दुसरा आरोपी आला की वाचणारा जांभई देतो. मी आजवर कुणाला जांभई येऊ दिलेली नाही.

त्या वेळचं प्रकरण किनवटकडच्या एका वसतिगृहाचं होतं. डब्यावर लिहिलेलं शेंगदाणा तेल, आणि भाजी निवली की तिच्यावर पांढरी साय धरायची. मुलांचे घसे धरायचे, पोटं दुखायची. मुलांनी तक्रार केली. अधीक्षकानं काय करावं? ठेकेदाराला जाब विचारावा? छे! त्यानं स्वयंपाकीण जंगूबाईंकडे बोट दाखवलं. म्हणे, ही बाई चांगलं तेल घरी नेते आणि त्या जागी मोहाच्या बियांचं घरचं तेल ओतते. जंगूबाई जंगलालगतच्या वस्तीवर राहतात, त्यांच्या घरी मोहाचं तेल असतं, झाला पुरावा! अठरा वर्षं त्या बाईनं पोरांना रांधून घातलंय. पुढच्या महिन्यात समितीची बैठक होती आणि तीत त्यांना काढायचं ठरल्यातच जमा होतं.

मला एक कागद हवा होता. डब्यातच पाम तेल येतं, असं सांगणारा कागद. कुणीतरी म्हणालं, नांदेडच्या एका विज्ञान संस्थेत तिसऱ्या मजल्यावर लेझरचं मोठं यंत्र आहे, ते तेलाचा थेंब बघून तेलाचं नाव सांगतं. यंत्रावर भालेराव म्हणून आहेत. हदगावकडचे. जरा तसे आहेत.

'जरा तसे' म्हणजे काय, ते मला दारातच कळलं.

"सर, हा नमुना आहे," मी बाटली पुढे केली. "वसतिगृहातल्या तेलाचा. आजच्या आज तपासून द्या."

त्यांनी बाटलीला हात लावला नाही. खिशातून कागदाचा तुकडा काढला, त्यात बाटली धरली, उजेडात फिरवली.

"ही बाटली आधी कशाची व्हती?"

"खोबरेल तेलाची. पण मी धुतलीय. तीनदा. साबणाच्या पावडरीनं."

"म्हंजे आता हिच्यात खोबरेल बी हाय अन् साबण बी हाय," सर म्हणाले. "तुम्हाला एका तेलाचं नाव पाहिजे. अन् तुम्ही तीन वस्तू आणल्या."

दार बंद.

मी जिना उतरले ती थेट छापखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या फाटकात पत्रक वाटलं. मथळा : 'यंत्र झोपलंय की माणूस?' एक पान, एक मागणी, एक आरोपी. मला वाटलं होतं, आता फोन येईल, माफी मागतील. फोन आला. भालेराव सर स्वतः बोलत होते.

"ताई, तुमचं पत्रक वाचलं. मथळा बेस हाय. पण मजकुरात तीन चुका हायत. वर येऊन घेऊन जावा. येताना डोक्याला तेल लावू नका."

मी गेले. न लावता. माझ्या आईला अजून वाटतं की त्या दिवशी माझं कुणाशी तरी वाजलं होतं. पत्रकावर लाल पेनानं खुणा होत्या. 'लाखो रुपयांचं यंत्र धूळ खात पडलंय' या वाक्यावर सरांनी लिहिलं होतं : 'धूळ अजिबात नाही. येऊन पाहावे.' ते वाक्य त्यांना झोंबलं होतं. झोपलेला माणूस म्हटल्याचं त्यांना काहीच नव्हतं. यंत्राला धूळ म्हणाले, ते लागलं होतं.

म्हणून मी पाहिलं. आणि मला कबूल करायला हवं की धूळ नव्हती. धुळीची हिंमतच नव्हती.

त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, साबणाशिवाय, नुसत्या पाण्यानं आणि मग कसल्याशा उग्र द्रवानं. लोकरीचं काही अंगावर नको. हेडक्लार्क थंडीत शाल पांघरून वर आले की सर त्यांना दारातच ती काढायला लावतात आणि साहेब कुडकुडत सही घेतात. क्रीम नको, अत्तर नको, हातात प्लास्टिकची पिशवी नको. संक्रांतीला कुणी तिळगूळ आणला तर सर जिन्यात जाऊन कागदावर घेतात, तिथंच खातात आणि पुन्हा हात धुवून येतात. चहा खालच्या मजल्यावर. स्वतः त्यांनी अकरा वर्षं डोक्याला तेलाचा थेंब लावलेला नाही. केस असे उभे, जणू ज्वारी काढल्यावर राहिलेली धसकटं. न्हाव्याला ताकीद आहे : कात्री चालव, बाकी कशाला हात लावू नको. तो न्हावी एकदा मला म्हणाला, "त्या साहेबांचं डोकं म्हंजे सरकारी जमीन हाय. पाय ठेवायची सोय न्हाई."

हे सगळं कशासाठी, ते सरांनी मला सांगितलं. तळहाताएवढी स्टीलची प्लेट काढली. तिच्यावर ओळीनं गोल घरं कोरलेली.

"हे यंत्र म्हंजे शाळेतली पळायची शर्यत हाय. ह्या घरात तुमच्या तेलाचा थेंब टाकायचा, त्यात एक भुकटी मिसळायची. वाळला की वरून लेझर मारायचा. भुकटी मार खाती अन् तेलाच्या कणाला उचलून देती. मग ते कण नळीतून पळत सुटतात. नळीत हवा न्हाई, काही न्हाई, नुसतं पळायचं. हलकं पोरगं आधी पोचतं, जाडं मागून. कोण कधी पोचलं त्यावरून वजन काढायचं. वजनावरून नाव."

पडद्यावर प्रत्येकाचा एक उभा सुळका दिसतो. शेंगदाण्याचे सुळके वेगळ्या ठिकाणी, करडईचे वेगळ्या, पामचे वेगळ्या.

"मग सोपं आहे की!" मी म्हणाले.

"सोपं असतं. पण शर्यतीत नाव न दिलेली पोरं बी पळतात. भुकटी स्वतःच पळती. घामातलं मीठ पळतं, अन् कधी दुसऱ्याच्या पाठीवर बसून पळतं, मग एकच पोरगं दोनदा मोजलं जातं. हाताची कातडी, शालीची लोकर, साबण, प्लास्टिक, डोक्याचं तेल, सगळे पळतात अन् सगळ्यांचे सुळके उठतात. ह्याला मी गलका म्हणतो. यंत्र खोटं बोलत न्हाई, ताई. पण लई बोलतंय."

गलका कमी करायचे त्यांचे उपाय होते आणि त्यांतला प्रत्येक उपाय ते माझ्याकडे बघत सांगायचे. लेझर गरजेपुरताच ठेवायचा. "जोरात मारलं की जास्त बोलतंय. जास्त खरं बोलत न्हाई." एकदा मारून थांबायचं नाही, शेकडो वेळा मारायचं आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. "गलका दरवेळी निराळं सांगतो. खरं असतं ते दरवेळी तेच सांगतं." आणि सगळ्यांच्या आधी, दररोज, न चुकता, प्लेटचं पहिलं घर रिकामं ठेवायचं. म्हणजे त्यात भुकटी टाकायची पण नमुना टाकायचा नाही. त्याच्यावर लेझर मारायचा आणि काय दिसतं ते बघायचं. जे दिसेल ते गलक्याचं. ते नंतर नमुन्यातून वजा करायचं. बाकी लोक त्याला ब्लँक म्हणतात. सर त्याला 'कोरं' म्हणतात.

"आधी कोरं बघू." हे वाक्य ते दिवसातून वीसदा म्हणतात. मी एकदा त्यांना म्हणाले, "सर, तिकडे एका बाईची नोकरी चाललीय आणि तुम्ही रिकामं घर बघत बसलाय!" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा लेझर कमी करा."

तरी त्या दिवशी त्यांनी माझा खोबरेलवाला नमुना लावला. मला धडा शिकवायला. पडद्यावर सुळक्यांचं रानच उठलं.

"हे खोबरेल. हे साबणाचं, बघा कसं सारख्या पायऱ्यांनी चाललंय." मग सर थांबले. नाक पडद्याजवळ नेलं, जणू वासच घेणार होते. "अन् हे मोहाचं."

अधीक्षक जे म्हणत होता तेच!

"आणि पाम?"

"असंल, नसंल. मोहाचे अन् पामचे निम्मे सुळके एकाच जागी उभे राहतात. ह्या गलक्यात कोण कुणाच्या मागं उभं हाय ते दिसत न्हाई. शेंगदाणा बी दबून गेला का मुळातच न्हाई, सांगता येत न्हाई."

"सर, मोहाचं लिहू नका," मी म्हणाले. "तुम्हाला कल्पना नाही, त्या बाईला हेच पाहिजे... म्हणजे अधीक्षकाला हेच पाहिजे. हा कागद बाहेर गेला तर जंगूबाई संपल्या."

सरांनी चष्मा काढला.

"परवा पत्रकात तुमची मागणी व्हती, आहे ते लिहून द्या. आज म्हणता, आहे ते लिहू नका. मी कुणासाठी लिहीत बी न्हाई अन् कुणासाठी पुसत बी न्हाई. पुन्हा नमुना आणा. नीट आणा."

मला राग आला. खूप आला. पण भांडण सोडून मी विचारलं, "नीट म्हणजे कसा?"

त्यांनी मला तीन काचेच्या बाटल्या दिल्या. स्वतः धुतलेल्या, वाळवलेल्या, प्रत्येकीला कागद गुंडाळलेला. एकीत सीलबंद डबा फोडून सरळ तेल घ्यायचं, जंगूबाईंचा हात न लागता. दुसरीत चुलीजवळच्या उघड्या डब्यातलं. आणि तिसरी?

"तिसरी रिकामी न्यायची. स्वयंपाकघरात उघडायची. बाकीच्यांचं जे जे होईल ते हिचं बी होऊ द्यायचं. मग बूच लावून रिकामीच आणायची."

"रिकामी बाटली किनवटला नेऊन रिकामी परत आणू?"

"हाव. तीच लई महत्त्वाची हाय. फोडू नका."

मी ती बाटली बसमध्ये मांडीवर धरून बसले. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं. शेवटी विचारलंच, "ताई, त्यात काय हाय?"

"काही नाही."

"मंग एवढं जपून काहून राहिलात?"

मी म्हणाले, "सांडू नये म्हणून." त्यानं पुढे तिकिटाशिवाय काही विचारलं नाही.

वसतिगृहात त्या दिवशी पालक आले होते. त्यांच्यासमोर, अधीक्षकाच्या समोर, नवा डबा कोठीतून काढला, मी हात धुतले, सील फोडलं, पहिली बाटली भरली. इथवर सगळं सरांच्या शिस्तीत. मग स्वयंपाकघरात गेले. जंगूबाई चुलीशी होत्या. ठेंगण्या, काटक, डोक्याचे केस मोहाच्या तेलानं चपचपीत, थंडीनं हात फुटू नयेत म्हणून हातांनाही तेच चोळलेलं. मी दुसरी बाटली भरली. तिसरी उघडी करून ठेवली आणि पालकांशी बोलायला क्षणभर वळले. परत बघते तर जंगूबाईंनी दोन्ही बाटल्या उचललेल्या आणि पदरानं तोंडं पुसून देत होत्या. आतपर्यंत. बोट घालून.

"अहो बाई! काय केलंत हे!"

"काय केलं? तेल लागलं व्हतं तोंडाले. पुसून दिलं." मग रिकाम्या बाटलीकडे बघून, "हिच्यात काय घालू?"

"काही नाही घालायचं."

"मंग आणली काहून?"

"काही नाही ते न्यायला."

जंगूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, जेवली का तू?"

मला भाकरी वाढताना त्यांनी एकदाच विचारलं, "मले काढतेत का गं?" मी नाही म्हणाले. मला माहीत नव्हतं, तरी म्हणाले. आणि परतीच्या बसमध्ये त्या दोन पुसलेल्या बाटल्यांकडे बघत रडले. सगळं वाया गेलं होतं. मोहाचं तेल आता मीच, माझ्या डोळ्यांदेखत, नमुन्यात घालून आणलं होतं.

सरांना सांगताना मी मान खाली घातली होती. "सर, बाटाबाट झाली. त्यांनी पदरानं पुसल्या."

"कुठल्या?"

"दुसरी आणि तिसरी."

"दोन्ही? एकाच पदरानं? त्याच हातानं?"

"हो."

मी वर पाहिलं. भालेराव सर हसत होते. तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्या धसकटांखाली ते हसू अगदीच पोरकट दिसत होतं.

"लई बेस काम केलं त्या बाईनं! अहो, मी सांगून बी असं झालं नसतं. चला. आधी कोरं बघू."

त्यांनी तीन दिवस घेतले. शेंगदाण्याचं खात्रीचं तेल हवं म्हणून स्वतः लातूरला एका लाकडी घाण्यावर गेले आणि घाणेवाल्याला आधी हात धुवायला लावले. घाणेवाला म्हणाला म्हणे, "साहेब, तेल काढायचंय का पूजा घालायचीय?" तिसऱ्या दिवशी पडद्यावर सगळं एकाखाली एक मांडलं. त्यांच्या कोऱ्यात फक्त भुकटीची कुजबुज. लातूरचं शेंगदाणा, त्याचे सुळके आपल्या जागी. मग सीलबंद डबा : शेंगदाणा नाहीच. पाम. स्वच्छ, एकट्या पामचे सुळके. मोहाचा मागमूस नाही. मग उघडा डबा : तेच पाम, आणि पायथ्याशी मोहाचे बारीक बारीक सुळके. मग रिकामी बाटली. तिच्यात तेल नव्हतंच. पण मोहाचे तेच बारीक सुळके होते. त्याच उंचीचे.

"तेलात मोहाचं असतं तर रिकाम्या बाटलीत कशाला आलं असतं?" सर म्हणाले. "हे तेलाचं न्हाई. हे हाताचं हाय. वजा करा."

त्यांनी वजा केलं. पडद्यावरून जंगूबाईंचा हात निघून गेला आणि ठेकेदाराचं तेल तेवढं उरलं.

कागदावर सरांनी चार ओळी लिहिल्या. 'सीलबंद डब्यातील तेल शेंगदाणा तेलाशी जुळत नाही. पाम तेलाशी जुळते. उघड्या डब्यात मोहतेलाच्या खुणा आहेत, तशाच खुणा रिकाम्या बाटलीतही आहेत. त्या हाताळण्याच्या आहेत.' बस्स. मी म्हणाले, "सर, 'मुलांच्या जिवाशी खेळ' असं काहीतरी?" ते म्हणाले, "मुलांचा नमुना मी तपासला न्हाई." शिवाय हा कागद कोर्टाचा नाही, तपासणीच्या खात्यानं स्वतःचा नमुना घ्यावा, हेही त्यांनी खाली लिहिलं. मी चिडले. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा एक पत्रक असं काढलं ज्याला मथळा नव्हता. त्या चार ओळी होत्या तशा छापल्या आणि प्रत्येक पालकाच्या हातात दिल्या.

बैठकीत अधीक्षक म्हणाला, "रिकाम्या बाटलीला काय अर्थ आहे?" पाठीमागून एक म्हातारा पालक उठला. "साहेब, त्या बाटलीत जंगूबाईचा हात हाय. तेलात न्हाई. मले समजलं, तुमाले काहून समजून न्हाई राहिलं?" समितीनं कोठीतले डबे कुलपात ठेवून खात्याला बोलावलं. खात्याची माणसं आली, नमुने घेऊन गेली. ते प्रकरण अजून चालू आहे आणि मी ते सोडणार नाही. पण त्या दिवशी दुपारी जंगूबाईंनी नेहमीसारखी पोरांना आमटी वाढली, आणि पालकांनी आणलेल्या तेलातल्या भाजीवर साय धरली नाही.

निघताना त्यांनी मला एक बाटली दिली. मोहाचं तेल. "त्या सराले दे. तूच सांगत व्हतीस, डोस्क्याले तेल लावत न्हाई. तेलाबिगर डोस्कं कसं चालत असंल बाप्पा!"

एका शनिवारी मी ती घेऊन गेले. सरांनी दारात वास घेतला आणि मी बोलायच्या आत म्हणाले, "मोहाचं." माझ्या डोक्याचं खोबरेल त्या वासात दबून गेलं. त्यांनी बाटली हातात घेतली. कागदाशिवाय. बराच वेळ तशीच धरून उभे राहिले. मग भानावर आले, ती जिन्यातल्या खिडकीत ठेवली आणि हात धुवायला खाली गेले. हे त्यांचं हात धुणं म्हणजे पंधरा मिनिटं.

टेबलावर एक जाड वही होती. पाठीवर लिहिलं होतं : गलका. रोजचं कोरं बघितलं की त्यात काय काय दिसलं ते सर या वहीत टिपून ठेवतात, म्हणजे कुठला नको असलेला सुळका कुठून येतो ते कळतं, हे मला माहीत होतं. मला वाटलं आकडे असतील. आकडे होते. पण त्यांच्यापुढे सरांनी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

'कोऱ्यात लोकर. हेडक्लार्क. शाल नवीन आहे.'

'कोऱ्यात करडई. उदगीरचा मुलगा. काल गावाहून आला. आईनं डोकं चोळून दिलं असणार.'

'कोऱ्यात मोहाचं. कुंदा.'

ही कुंदा पानोपान होती. सरांच्या हाताखाली शिकायला किनवटहून आलेली मुलगी असावी. 'मोहाचं. कुंदा. धुवायला सांगितलं.' 'मोहाचं. कुंदा. पुन्हा सांगितलं.' 'मोहाचं, जास्त. परीक्षा जवळ आली.' मग एका पानावर : 'मोहाचं नाही. कुंदा पास झाली. गेली.' त्याखाली दुसऱ्या दिवशीचं : 'मोहाचं नाही.' त्याखाली तिसऱ्या : 'मोहाचं नाही.' म्हणजे पडद्यावर नसलेला सुळका त्यांनी तीन दिवस शोधला होता. मला आता कळलं, माझ्या घाणेरड्या नमुन्यातल्या रानात त्यांनी मोहाचं इतकं चटकन कसं ओळखलं.

आणखी एक पान. सरांनी मला एकदा सांगितलं होतं, हळद म्हणजे लेझरची लाडकी, नखात राहिली तरी आठवडाभर गलका करते, म्हणून पुतणीच्या हळदीला मी मांडवाबाहेर उभा राहिलो, भावकी अजून नाराज आहे. वहीत लिहिलं होतं : 'हळद. पोरीनं बाहेर येऊन लावली. नाही म्हणवलं नाही.' मग : 'हळद. दुसरा दिवस.' 'हळद. चौथा दिवस. उतरत आली.' 'हळद गेली.'

त्यानंतर पानंच्या पानं एकच ओळ. 'कोरं स्वच्छ.' आता संस्थेतली मुलं नमुने पुण्याला पाठवतात, तिकडून लवकर कागद येतो. तिसऱ्या मजल्यावर चढून, तेल पुसून, चपला काढून, दिवसेंदिवस थांबायला कुणाला वेळ आहे? 'कोरं स्वच्छ.' 'कोरं स्वच्छ.' एका ठिकाणी : 'कोरं स्वच्छ. कुणी आलं नाही.'

मग मध्येच : 'खोबरेल, साबण. पत्रकवाली. लई बोलते.'

आणि आमचा कागद दिल्यापासून परत : 'कोरं स्वच्छ.' 'कोरं स्वच्छ.' कालपर्यंत.

जिन्यात सरांची पावलं वाजली. टेबलावर झाकणाखाली सोमवारची प्लेट धुवून, पुसून, तयार ठेवलेली होती. मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मी वेणीवरून बोट फिरवलं, झाकण उचललं आणि कोऱ्याच्या घरावर ते बोट दाबलं. झाकण ठेवलं. सर आत आले तेव्हा मी हात मागे बांधून खिडकीतून बाहेर बघत होते.

सोमवारी सकाळी फोन आला.

"ताई, कोऱ्यात खोबरेल आलंय."

"हो का, सर?"

"ताजं हाय. हात धुतले व्हते का?"

"न्हाई सर."

मला वाटलं आता लेझर माझ्यावर.

"शेजारी मोहाचं बी हाय," सर म्हणाले.

"ते कसं? बाटली तर जिन्यात होती."

"काल सुट्टी व्हती. त्या बाईनं एवढं पाठवलं..." ते थांबले. घसा खाकरला. "जरासं लावलं डोक्याला. आज प्लेट उचलताना पडलं असंल."

माझा हात वेणीकडे गेला.

"तर मग या दुपारी," सर म्हणाले. "प्लेट दोघांनी घाण केलीय. मी एकट्यानं काहून धुवावी?"